वाया गेलेलं वर्ष

परवा बाजारात जुने सहकारी भेटले. माझ्यासारखेच निवृत्त, गणिताचे शिक्षक. नातीची चौकशी केली. ती पदवीच्या तिसऱ्या वर्षी हॉलंडला गेली होती, परत येऊन चौथ्या वर्षी प्रबंध लिहिला, असं मी सांगितलं. त्यांनी मनातल्या मनात बेरीज केली आणि म्हणाले, "म्हणजे बाई, एक वर्ष वायाच गेलं की! तीन वर्षांत पदवी झाली असती."

गणित बरोबर होतं. तिच्याबरोबर कॉलेजात गेलेल्या बऱ्याच मुली पदवी घेऊन नोकरीलाही लागल्या. मी तेव्हा काही बोलले नाही, कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली आणि घरी आले. पण ते 'वाया' डोक्यातून जाईना. कारण त्या वर्षाचा उपयोग काय झाला, हे मला माझ्याच फजितीतून कळलं आहे. ती फजिती सांगायची लाज वाटते, म्हणूनच लिहून काढते.

तर आधी थोडी पार्श्वभूमी. मुलगा गेली पंचवीस वर्षं इंग्लंडमध्ये आहे. नात तिथलीच. तिचं मराठी म्हणजे स्वयंपाकघरातलं मराठी. 'भूक लागली', 'नको', 'आजी, हे तिखट आहे' इथपर्यंत पक्कं, पुढे डळमळीत. तिने पदवीला भूगोल घेतला. तिकडे भूगोलाच्या शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचा एक प्रबंध लिहावा लागतो, साधारण दहा-बारा हजार शब्दांचा. विषय आपण शोधायचा, माहिती आपण गोळा करायची, मार्गदर्शक फक्त दिशा दाखवतो. मध्ये एक वर्ष परदेशी विद्यापीठात काढायची सोय असते. ती ज्यांनी घेतली त्यांची पदवी चार वर्षांची होते.

ऐकायला छान वाटतं, पण परतणाऱ्याची अवस्था नीट बघितली तर कीव येते. वर्गातले सोबती पुढे निघून गेलेले. आता शेजारच्या बाकावर बसणार ते मागच्या वर्गातले. मार्गदर्शकाशी वर्षभर बोलणं झालं ते पडद्यावर. परदेशातल्या परीक्षा संपल्या की हातात एकच उन्हाळा. त्यातच क्षेत्रभेटी, मुलाखती, सगळं उरकायचं, कारण ऑक्टोबरपासून लिहायला बसायचं. माझी नात फोनवर रडली होती. "आजी, सगळ्यांकडे प्रश्न आहे. माझ्याकडे फक्त फोटो आहेत."

प्रश्न तिच्याकडे नव्हता असं नाही. उलट फार मोठा होता. हॉलंडमध्ये (नेदरलँड्स म्हण, असं ती मला दर वेळी सुधारते) तिने पाणी बघितलं होतं. त्या देशाची चौथा हिस्सा जमीन समुद्रसपाटीच्या खाली. बांध घालून, आतलं पाणी उपसून जमीन कोरडी ठेवायची, पूर्वी पवनचक्क्यांनी आणि आता पंपांनी. पंप थांबले तर शेतं बुडतील. हे सांभाळायला त्यांच्याकडे पाण्याची वेगळी मंडळं आहेत, तेराव्या शतकापासून चालत आलेली. आज ती 21 आहेत. ती स्वतःचा कर घेतात आणि दर चार वर्षांनी त्यांच्या निवडणुका होतात. मागची 2023 च्या मार्चमध्ये झाली. पाण्यासाठी वेगळं मतदान! पोरीला ते फार भावलं. मग तिने ठरवलं की हॉलंडची पाणीमंडळं आणि आपल्या नीरा नदीचे कालवे यांची तुलना करायची. मार्गदर्शकांनी पडद्यावरूनच सांगितलं, हा प्रबंध नाही, हे आयुष्यभराचं काम आहे. लहान कर.

लहान करायला ती इथे आली, 2025 च्या जूनमध्ये, सहा आठवड्यांसाठी.

येण्यापूर्वी तिला विद्यापीठाला एक धोक्यांचा तक्ता भरून द्यावा लागला. मी तो वाचला आणि हसू आवरेना. साप, विंचू, उघड्या विहिरी, ऊन, हायवेवरची वाहनं, न उकळलेलं पाणी. हे सगळं माझ्या घराचं वर्णन! पुढे आणखी एक फॉर्म. ज्यांच्याशी बोलायचं त्यांची संमती कशी घेणार, त्यांची नावं कशी झाकणार. तो मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, हे मला पुढे कळलं.

तिचा बेत असा होता की जूनच्या सुरुवातीला, ऐन टंचाईत, पाण्याच्या पाळ्या डोळ्यांनी बघायच्या, वहीत वेळा टिपायच्या. पण त्या वर्षी निसर्गाने वेगळंच ठरवलं होतं. मे महिन्यातच पावसाने झोडपलं. 26 मेला मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला, इतक्या लवकर पूर्वी कधी आल्याची नोंद नव्हती. मेअखेरीस बारामती तालुक्यात नीरा डावा कालवा फुटल्याची बातमी आली. माझी नात टंचाई बघायला आली तेव्हा विहिरी काठोकाठ भरल्या होत्या. पहिल्याच शेतात तिने विचारलं, मी मराठीत सांगितलं, आणि माझा एके काळचा विद्यार्थी, आता डोक्यावर पांढरे केस झालेला, हसून म्हणाला, "बाई, आता कसली पाळी न् कसलं काय! इहीर तुडुंब हाय. मोटर सुदीक काढून ठिवलीय."

झालं. सहा आठवड्यांचा बेत पहिल्याच दिवशी पाण्यात. शब्दशः!

त्या रात्री मी तिला नकाशा काढून दाखवला. पस्तीस वर्षं फळ्यावर काढलेला, हात आपोआप चालतो. नीरा पश्चिमेला भोरच्या डोंगरात उगवते. तिकडे पाऊस कोसळतो. तिथून जेमतेम तीस-चाळीस किलोमीटर पूर्वेला आलं की पर्जन्यछाया, म्हणजे आमचा खंडाळा तालुका. नदीच्या उत्तरेला पुणे जिल्हा, दक्षिणेला सातारा, आणि दक्षिण काठावर आमचं शिरवळ. भोरकडे वेळवंडी नदीवर भाटघरचं धरण, ते आजच्या स्वरूपात 1928 मध्ये पुरं झालं. आमच्या खाली वीर धरण, 1965 चं. वीरपासून दोन कालवे निघतात. डावा पुरंदर, बारामती, इंदापूरकडे आणि उजवा फलटण, माळशिरसकडे.

"मग शिरवळला कोणता?" तिने विचारलं.

कालवा उतारानेच जाणार. आम्ही धरणाच्या वरच्या अंगाला. आमच्या उशाशी पाणी, पण कालव्याचं नाही. जलाशयातून उपसा करायचा, नाहीतर विहीर. हे मी इतकी वर्षं जगले, पण वर्गात सांगितलं कधीच नाही. पुस्तकात 'नीरा ही भीमेची उपनदी आहे' एवढंच होतं आणि परीक्षेतही तेवढंच येई.

त्या गप्पांतून तिचा प्रश्न लहान झाला. कालवे नाहीत, मंडळं नाहीत. एक सामाईक विहीर. आजोबांनी खणलेली, आता चार भावकींत वाटलेली. सातबाऱ्यावर हिस्सा असतो, पण रोजचा कारभार तोंडी. कोणाची मोटर कोणत्या वारी चालणार हे कोण ठरवतं? आणि शेतीपंपांची लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री असते, त्याचं काय? आसपासच्या गावांतल्या चार विहिरी तिने धरल्या. (गावांची नावं मी लिहीत नाही. का ते पुढे कळेल.) पाळ्या डोळ्यांनी दिसणार नव्हत्या, म्हणून माणसांना विचारायचं ठरलं. म्हणजे दुभाषा हवा. दुभाषा घरातच होता. मी!

मला किती आनंद झाला म्हणून सांगू. निवृत्तीनंतर पहिल्यांदा वही-पेन घेऊन सकाळी घराबाहेर पडायचं. प्रत्येक गावात कोणी ना कोणी माझ्या हाताखालून गेलेला. बसायला सतरंजी, चहा, "बाई आल्या, बाई आल्या". संमतीच्या कागदावर सही म्हटलं की मात्र माणसं बिचकायची. सहीने काय काय गेलं हे त्यांना माहीत. मग तिने विद्यापीठाला कळवून तोंडी संमती रेकॉर्ड करायची परवानगी काढली.

आणि आता ती फजिती.

तिसऱ्या विहिरीवर एक वयस्कर गृहस्थ भेटले. मी त्यांच्या घरच्या दोन मुलींना शिकवलेलं. नातीचा प्रश्न होता की विहिरीत ज्या बायकांचा हिस्सा आहे त्यांना पाळी मिळते का. मी मराठीत विचारला. ते पाच-सात मिनिटं बोलले. थांबले, पुन्हा बोलले. मी नातीला इंग्रजीत सांगितलं, "ते म्हणतात, हिश्श्याप्रमाणे सगळ्यांना समान पाळी मिळते."

तिने वहीत लिहिलं. आम्ही चहा प्यायलो आणि घरी आलो.

रात्री जेवणं झाल्यावर ती कानाला लावून रेकॉर्डिंग ऐकत बसली होती. मागे नेऊन पुन्हा ऐकत होती. मग म्हणाली, "आजी, पोतं म्हणजे काय?"

मी म्हटलं, "पोतं म्हणजे धान्य भरायचं."

"हे काका पोतं म्हणाले. रात्र म्हणाले तीनदा. वहिनी म्हणाले. तू मला ह्यातलं काहीच सांगितलं नाहीस."

मी गप्प बसले. काय सांगणार? त्या गृहस्थांनी सगळं सरळ सांगितलं होतं. धाकटा भाऊ वारला, त्याची बायको वेगळी राहते, विहिरीत तिचा चौथा हिस्सा आहे. पण तिची पाळी ज्या वारी येते तेव्हा लाईट रात्रीची असते. बाईमाणूस एकटी रात्री दारं धरायला कशी जाणार? म्हणून तिची पाळी पुतण्या वापरतो आणि सुगीला तिला बाजरीचं एक पोतं देतो. मध्ये लाईटचं वेळापत्रक बदललं तेव्हा वारही बदलून घेतले, पण तिच्याकडे पुन्हा रात्रच आली. हे त्यांनी लपवलं नव्हतं. लपवलं मी.

का लपवलं? त्या घराची लाज झाकावी म्हणून. आपल्या गावाकडच्या लोकांबद्दल परदेशातल्या पोरीचं मत वाईट होऊ नये म्हणून. आणि खरं सांगायचं तर ते ऐकताना मला ते नवीनही वाटलं नव्हतं. 'चालायचंच' म्हणून मी ते मनातल्या मनात वगळलं होतं. सावित्रीबाईंचं नायगाव इथून हाकेच्या अंतरावर. दर 3 जानेवारीला मी मुलींना तिथे घेऊन जायची, भाषणं करायची. आणि एका बाईच्या हक्काच्या रात्रीचं मी एका वाक्यात 'समान पाळी' करून टाकलं!

मला वाटलं पोर चिडणार. ती चिडली नाही. तिने मला हॉलंडमधली गोष्ट सांगितली. तिथे ती ज्या घरात राहत होती, तिथे बाकीच्या मुली डच. टेबलावर पाच मिनिटं बोलणं चाले, हसणं चाले. ती विचारी, काय झालं? त्या इंग्रजीत एका ओळीत सांगत, "काही विशेष नाही." वर्षभर तिला एकेका ओळीचं आयुष्य मिळालं. वाईट हेतू कोणाचाच नव्हता, सगळ्या प्रेमळ होत्या. पण पाच मिनिटांची एक ओळ होते तेव्हा मधलं काहीतरी गळतं, हे तिला तिथे कळलं. ती म्हणाली, "म्हणून मी नेहमी मिनिटं मोजते, आजी. काका सात मिनिटं बोलले. तुझं वाक्य पाच सेकंदांचं होतं."

तेव्हा मला समजलं की ते वर्ष कुठे गेलं. इंग्लंडहून ती तडक इथे आली असती तर तिने माझं वाक्य खरं मानलं असतं. आजी आहे, शिक्षिका आहे, खोटं का सांगेल? परक्या भाषेच्या घरात वर्षभर मुकं राहिल्यामुळे तिचे कान तयार झाले होते. फोटो, प्रमाणपत्र, गुणपत्रिका हे सगळं ठीक आहे, पण प्रबंधाला कामी आले ते कान.

दुसऱ्या दिवशी तिने मला विनंती केली. विनंतीच, पण ठाम. "त्या वहिनींना मी भेटते. तू येऊ नकोस." सोबत तिने कॉलेजातली एक मुलगी घेतली. मी दिवसभर घरात येरझाऱ्या घातल्या. नापास झालेल्या मुलासारखं वाटत होतं. त्या बाई काय म्हणाल्या हे मला फार नंतर कळलं, प्रबंध वाचला तेव्हा. त्यांना अंधाराची भीती नव्हती. पोतं कमी आहे अशीही त्यांची मोठी तक्रार नव्हती. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, "पोतं देतो, पन देताना 'दिलं' म्हनतो. पाळी माझी हाय."

हक्काची वस्तू उपकार म्हणून परत मिळते, एवढी एकच गोष्ट तिच्या सगळ्या प्रबंधाचा गाभा झाली. चार विहिरी, एक पोतं. मार्गदर्शकांना हॉलंडची तुलना नको होती तरी शेवटी हॉलंड आलंच, पण एका परिच्छेदात. तिथे पाण्याचा कारभार कागदावर आहे, मतपेटीत आहे. इथे तो नात्यात आहे, आणि नात्यात मत मोजलं जात नाही.

आता कोणी म्हणेल, आपल्याकडे काही चांगलं नाहीच का? आहे ना. आणि तेही तिनेच मला सांगितलं. तिकडच्या ग्रंथालयात तिने विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीबद्दल वाचलं होतं. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात (हे नायगाव वेगळं, सावित्रीबाईंचं नव्हे) त्यांनी पाण्याचं वाटप जमिनीवर न करता माणसांवर केलं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क, आणि ऊस नाही. ते नायगाव नदीपलीकडच्या तालुक्यात. मी तिथे कधी गेले नव्हते. मला नेलं ते उट्रेक्टहून आलेल्या मुलीने!

स्वतःच्या पदवीबद्दलही लिहिलं पाहिजे. मी 1971 साली बी.ए. झाले, मराठी माध्यमातून, भूगोल घेऊन. शिक्षक चांगले होते. पण तीन वर्षांत मला कोणी एकदाही विचारलं नाही की तुला काय जाणून घ्यायचंय. प्रात्यक्षिकाचं जर्नल मी मागच्या वर्षीच्या मुलीचं समोर ठेवून उतरवलं. समोच्च रेषा कुठल्या डोंगराच्या हे आजही मला ठाऊक नाही. दुसऱ्या वर्षी, 1972 ला दुष्काळ पडला. मी नुकती शाळेत लागले होते. वर्गातल्या मुलांचे आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडत होते आणि मी फळ्यावर सहाराचं वाळवंट शिकवत होते. भूगोल खिडकीबाहेर उभा होता, पण त्याच्याकडे बघायला मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि मीही पुढे कोणाला शिकवलं नाही.

हे लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. प्रबंध आता आपल्याही पदवीला आला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये चार वर्षांच्या पदवीचा आराखडा जाहीर केला. त्यात चौथ्या वर्षी संशोधनाची वाट धरणाऱ्याला 12 श्रेयांकांचा प्रबंध आहे. महाराष्ट्रात बहुतेक संलग्न कॉलेजांत नवा अभ्यासक्रम 2024-25 पासून सुरू झाला. म्हणजे 2024 च्या जूनमध्ये दाखल झालेली आमच्याकडची मुलं 2027 मध्ये चौथ्या वर्षाच्या उंबरठ्यावर येतील. तेव्हा काय होणार? मला भीती वाटते ती झेरॉक्सच्या दुकानाची. शाळेतले प्रकल्प तिथे तयार मिळू लागले ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. कव्हर बदललं, नाव बदललं, स्पायरल बाइंडिंग केलं, झाला प्रकल्प. आता तर दुकानात जायचीही गरज नाही, मोबाइलला विचारलं की तो पानंच्या पानं लिहून देतो. पण 'पोतं' मोबाइलला कुठून कळणार? ते त्या ओट्यावर बसल्याशिवाय कळत नाही. बसूनही मला सांगवलं नाही, तर मोबाइलची काय कथा!

मला विचाराल तर (कोणी विचारत नाही, तरी सांगते) तीन गोष्टी व्हाव्यात.

पहिली, प्रश्न लहान असू द्या. 'सातारा जिल्ह्यातील जलसिंचनाचा भौगोलिक अभ्यास' असले विषय देऊ नका. एक विहीर द्या, एक आठवडी बाजार द्या, एमआयडीसीच्या फाटकावरचा एक वडापावचा गाडा द्या. डॉ. हॅरॉल्ड मॅन पुण्याच्या शेती कॉलेजचे प्राचार्य होते. दख्खनमधल्या एकेका खेड्याचा त्यांनी अभ्यास केला, पहिला 1917 मध्ये छापला, दुसरा 1921 मध्ये. एवढी मोठी माणसंही एका वेळी एकच खेडं घेत होती. आणि दुसऱ्या अभ्यासावर त्यांच्याबरोबर कानिटकरांचं नाव आहे. बरोबर काम करणाऱ्याचं नाव पहिल्या पानावर यावं, हीही शिकण्यासारखी गोष्ट.

दुसरी, मुलांना मराठीत लिहू द्या. दारं धरणं, पाळी, भावकी, हे शब्द इंग्रजीत नेताना काय गळतं ते मी माझ्या एका वाक्यात दाखवलंच आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. प्रबंधाआधी मुलांना घराबाहेर काढा. हॉलंडला पाठवायला पैसे कुठून आणणार, हे मला कळतं. माझ्या मुलाला परवडलं, म्हणून माझ्या नातीला ते वर्ष मिळालं. पण परका मुलूख दूरच असावा लागतो असं नाही. आमच्या नीरेकाठच्या मुलीला एक सत्र धुळ्याकडे पाठवा. पांझरा नदीवर तिकडे शेकडो वर्षांची फड पद्धत आहे, सगळ्यांनी मिळून एकेका फडात एकच पीक घ्यायचं आणि पाणी वाटून घ्यायचं. ती अहिराणी ऐकेल आणि तिला निम्मं कळणार नाही. फार छान होईल! तिकडची मुलगी इकडे येऊ दे. एका कॉलेजचे श्रेयांक दुसऱ्या कॉलेजात धरायची सोय 2021 पासून कागदावर आहेच, श्रेयांकांची बँक म्हणतात तिला. ती बँक गावागावांच्या मध्ये चालू दे. सहा महिने परकं होऊन आलेलं मूल स्वतःच्या गावात वेगळे प्रश्न विचारतं. आणि म्हाताऱ्यांची पाच सेकंदांची उत्तरं चालवून घेत नाही.

एक तक्रारही नोंदवते. संशोधनाच्या वाटेला जायला पहिल्या तीन वर्षांत 75 टक्के गुण लागतात. माझ्या वर्गात खिडकीबाहेर बघणारी मुलं असायची. त्यांना कधी 75 टक्के पडले नाहीत. पण विहिरीवर कोणाची पाळी कधी हे त्यांना तोंडपाठ होतं.

असो. प्रबंध सादर झाला. तिने मला पाठवला. शब्दकोश घेऊन मी तो महिनाभर वाचत होते. पद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य आहे. दुभाषी ही संशोधिकेची आजी आणि त्या परिसरातली मान असलेली शिक्षिका असल्यामुळे सुरुवातीच्या काही उत्तरांचा सारांश सौम्य झाला, आणि ती उत्तरं पुन्हा तपासून घ्यावी लागली. नाव नाही, राग नाही. वाचून मी चष्मा काढून ठेवला. पस्तीस वर्षांत इतका नेमका शेरा मी कोणाच्या वहीवर दिला नव्हता.

सादर करण्याआधी तिने आणखी एक हट्ट धरला होता. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना परत दाखवायचं. म्हणून प्रत्येक विहिरीची दोन-दोन पानं तिने मला पाठवली आणि मी ती मराठीत आणली. या वेळी एकही शब्द न गाळता. ती घेऊन मी त्या गृहस्थांकडे गेले. मनात धाकधूक होती. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. वहिनीचा परिच्छेद आला तिथे थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, कागद फाडतात की काय.

मग म्हणाले, "बरूबर हाय बाई. पन एक चूक हाय. पोतं एक न्हाई. औंदापास्नं दीड."

मी त्याच रात्री नातीला कळवलं. तिने दुरुस्ती केली, आणि खाली विचारलं, "आजी, ते 'देतो' म्हणाले की 'तिचं आहे' म्हणाले?"

ते मात्र मी विचारलं नव्हतं. आता पुन्हा जायला हवं.